मोडी वाचणारे आणि कोबोल लिहिणारे

निवृत्त_कोबोलकर

नमस्कार मंडळी,

एकतीस वर्षं कोबोल लिहिलं, म्हणजे बँका-कचेऱ्यांतली जुनी संगणकाची भाषा. सुरुवात मुंबईच्या सीप्झमध्ये, मग कंपनी पाठवेल तिथं. निवृत्त झाल्यावर बायकोनं "घरात नुसते बसू नका" म्हणून मोडीच्या वर्गाला नेलं. ती दुसऱ्या आठवड्यात सोडून गेली, मी अडकलो.

पहिल्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली आणि मग अक्षरं तिला टांगत गेले, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. बाळबोधीत, म्हणजे रोजच्या देवनागरीत, आपण आधी अक्षर काढतो, मग डोक्यावर रेघ देतो. मोडीत रेघ आधी. शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड जवळजवळ नाही, वेलांटी एक आणि उकारही एकच. अनुस्वार बहुधा गाळलेले. वाक्य कुठं संपलं ते अर्थावरून ओळखायचं.

आता कोबोल बघा. तिथं उलटं, सगळा भार पूर्णविरामावर. १९८५ च्या आवृत्तीत 'एंड-इफ' आलं, त्याआधी 'इफ' कुठं संपतो ते फक्त टिंबावरून कळायचं. एका बँकेच्या व्याजाच्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी मधल्याच ओळीला टिंब देऊन ठेवलं होतं. त्यामुळे 'खातं बंद असेल तर' ही अट पहिल्या ओळीपुरती राहिली आणि पुढच्या दोन ओळी सरसकट सगळ्या खात्यांवर चालल्या. ते टिंब सापडायला मला तीन रात्री लागल्या. हिरव्या पडद्यावर टिंब आणि धूळ यांत फरक दिसत नाही.

आणखी एक. जुन्या कोबोलच्या ओळीतले पहिले सहा रकाने क्रमांकासाठी असतात, म्हणजे एकेक ओळ भोकं पाडून लिहिलेल्या कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा लावता यावा. सातव्यात चांदणी असली तर ती ओळ नुसतं टिपण. आठव्यापासून मजकूर. आणि बहात्तराव्या रकान्यापुढे काय वाटेल ते लिहा, कंपायलर (आपलं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) ढुंकून बघत नाही, कारण पंच कार्ड ऐंशी रकान्यांचं होतं आणि शेवटचे आठ प्रोग्रॅमच्या नावासाठी राखलेले. मी कामाला लागलो तेव्हा पंच कार्डं रद्दीत गेली होती. तरी आमच्या पोरांचं वाक्य बहात्तराव्या रकान्यावर कापलं जायचं आणि पोरं डोकं धरून बसायची.

दोन बातम्यांनी मला हा धागा काढायला लावला. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल येणाऱ्यांनी मदतीला यावं असं जाहीर आवाहन केलं, कारण टाळेबंदीत बेकारभत्त्याचे अर्ज लोटले आणि यंत्रणा चाळीस वर्षं जुनी. मग २०२३ मध्ये आपल्याकडे कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. दोन्हीकडे तीच गत. ज्या विद्येला पोरं "आता काय उपयोग?" म्हणत होती, तिच्यावाचून सरकारचं अडलं.

माझं म्हणणं एवढंच. भाषा जिथं बेढब असते तिथं बदलते असं आपण समजतो. मला वाटतं, ती तिथंच बदलते जिथं जुना कागद कुणाचा अडत नाही. बाकी सगळं तसंच राहतं, कितीही बेढब असलं तरी. तुमच्याकडची उदाहरणं सांगा, माणसांच्या भाषेतली किंवा यंत्राच्या.

जाता जाता एक कोडं. आमचं गाव चौल-रेवदंड्याकडचं. माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी कागद सापडला, दोघा भावांच्या वाटणीची यादी. परात, घंगाळ, समया, पाट असं सगळं लागलं. एका ओळीत मात्र 'पीप येक' असं दिसतंय. पीप म्हणजे पू, तो कोण वाटणीत घेईल? माझं वाचन चुकतंय हे नक्की. शेवटी 'येकूण नग २३' आहे आणि माझे २२ च भरतात.

चिमणी_होळकर

काका, धागा आवडला. वाखू (वाचनखूण) साठवली.

माझ्याकडून 'आगगाडी'. आग कधीच गेली, तारेवर चालते, तरी आजी "आगगाडीनं ये" म्हणते. 'फोन ठेव' म्हणतो, पण ठेवायला खाली काही नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तरी 'सोळा आणे खरं' अजून चालतं. 'शंभर पैसे खरं' कुणी म्हणून बघा, लोक तोंडाकडे बघतील.

लिस्पाळलेला

+१. आगगाडीचा आमच्याकडचा भाऊ म्हणजे लिस्प या संगणकाच्या भाषेतले 'कार' आणि 'कुडर'. यादीतला पहिला घटक काढायचा तर 'कार', उरलेली यादी हवी तर 'कुडर'. १९५८ च्या सुमारास तिचे कर्ते मॅकार्थी यांनी ती आयबीएम ७०४ या यंत्रावर आणली. त्या यंत्राच्या 'शब्दा'चे, म्हणजे मेमरीतल्या एका खणाचे, दोन मोठे भाग होते, ॲड्रेस आणि डेक्रिमेंट. त्यांत काय आहे ते काढणाऱ्या आज्ञांची ही आद्याक्षरं. यंत्र भंगारात गेलं, नावं राहिली. 'पहिला' आणि 'बाकीचे' अशी सरळ नावंही पुढं आली, पण जुने लिस्पवाले ती वापरणाऱ्याला नवशिका समजतात. (मीही समजतो.)

युनिक्स या कार्यप्रणालीत फाइल तयार करायच्या आज्ञेचं नाव 'क्रिएट', पण स्पेलिंगमध्ये शेवटचा ई नाही. तिच्या कर्त्यांपैकी केन थॉम्पसनना विचारलं होतं, पुन्हा युनिक्स लिहिलंत तर काय बदलाल? म्हणाले, तो ई घालीन.

भारतभूषण

चर्चा छान, पण मूळ मुद्दा कुणी मांडत नाही. नासाने मान्य केले आहे की संगणकासाठी सर्वात योग्य भाषा संस्कृत आहे. आपण परकीय भाषांत अडकलो म्हणून ही वेळ.

अष्टाध्यायी_अर्धीच

भारतभूषण, हा निरोप माझ्या मामांच्या ग्रुपवर दर गुरुवारी येतो, म्हणून जरा मुळाशी जाऊन सांगतो.

१९८५ मध्ये रिक ब्रिग्ज नावाच्या नासातल्या संशोधकानं 'एआय मॅगझिन'मध्ये एक लेख लिहिला. आपले वैयाकरण वाक्याचा अर्थ ज्या पद्धतीनं उलगडून मांडत, म्हणजे क्रिया कोणती, कर्ता कोण, साधन काय, ती पद्धत कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या अर्थजालांशी (कल्पनांमधली नाती दाखवणाऱ्या जाळ्यांशी) जुळते, असं त्याचं म्हणणं. लेख वाचण्यासारखा आहे. पण तो एका माणसाचा लेख, नासाचा ठराव नव्हे. संस्कृतात प्रोग्रॅम लिहा असंही त्यात म्हटलेलं नाही.

खरी अभिमानाची गोष्ट दुसरीच आहे आणि ती कुणी फॉरवर्ड करत नाही. १९५९ मध्ये जॉन बॅकस यांनी अल्गॉल या प्रोग्रॅमिंग भाषेचं व्याकरण लिहायला एक पद्धत मांडली, पीटर नॉर यांनी ती अल्गॉल ६० च्या अहवालात वापरली. आज कुठल्याही प्रोग्रॅमिंग भाषेचं व्याकरण याच वळणानं लिहितात. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी एका संगणक-नियतकालिकाला पत्र पाठवलं, की असली पद्धत पाणिनीनं फार आधी वापरली आहे, तेव्हा नाव 'पाणिनी-बॅकस' ठेवा. नाव बदललं नाही, पण पत्र छापलं गेलं.

पाणिनीची गंमत बघायची तर 'इको यणचि' घ्या. 'अच्' म्हटलं की सगळे स्वर. 'इक्' म्हटलं की इ, उ, ऋ, ऌ. 'यण्' म्हणजे य, व, र, ल. पुढं स्वर आला तर इक् च्या जागी यण्. दधि + अत्र = दध्यत्र. एवढा नियम तीन शब्दांत. आमच्या हापिसात यालाच चाळीस ओळी आणि दोन बैठका लागतात.

आणि काकांच्या मुद्द्याशी जोडून: इतकं चोख व्याकरण बांधल्यावर संस्कृत जागेवर थांबली आणि लोक प्राकृतातून बोलत पुढं गेले. त्याच वाटेवर आपली मराठी. अल्गॉलचं थोडंफार तसंच झालं. ती स्वतः फारशी कुणी वापरली नाही, पण पास्कल आणि सी तिच्याच घराण्यातल्या.

भारतभूषण

म्हणजे तुम्हाला आपल्या परंपरेचा अभिमान नाही.

अष्टाध्यायी_अर्धीच

नाव वाचा हो माझं. उरलेली अर्धी पुरी करायची आहे, भांडायला वेळ नाही. (हलके घ्या.)

ओस्लोची_आजी

इथं मुलीकडे येऊन जाऊन असते, आता बारा वर्षं होतील. काकांच्या 'जुना कागद अडत नाही' या म्हणण्याला एक नॉर्वेचं उदाहरण देते.

नॉर्वेजियन लोक पूर्वी आपल्यासारखंच मोजत, एकक आधी. चोपन्न म्हणायचं तर 'चार-आणि-पन्नास', फीरे-ओ-फेम्ती. १९५१ मध्ये सरकारनं ठरवलं की यापुढे 'पन्नास-चार', फेम्ती-फीरे. आग्रह टेलिफोनवाल्यांचा होता. तेव्हा नंबर ऑपरेटरला तोंडी सांगायचे आणि आकडे उलटसुलट होऊन भलताच फोन लागायचा. रेडिओ आणि शाळा, सगळीकडे नवी पद्धत लागू झाली.

सत्तर वर्षं होऊन गेली. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई फोन नंबर नव्या पद्धतीनं सांगतात आणि स्वतःचं वय जुन्या. एकाच वाक्यात! मी विचारलं, तर म्हणाल्या की आपण असं करतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ तीन' आलं तेव्हा केवढा गदारोळ! विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या. मीही इथं बसून नाकं मुरडली होती. नंतर या बाईंकडे बघून जरा गप्प झाले.

गणिताची_बाई

आजी, मी दुसरीला शिकवते, म्हणून राहवत नाही.

त्या पुस्तकात दोन्ही दिलं होतं, 'त्रेसष्ट' आणि 'साठ तीन'. हे कोट्या करणाऱ्यांनी पाहिलंच नाही. आता वर्गात काय होतं ते सांगते. मी म्हणते "त्रेसष्ट लिहा". पोरगं 'त्रे' ऐकतं आणि लगेच ३ लिहून मोकळं होतं. मग 'सष्ट' येतं, तेव्हा ६ त्याच्या पुढं लिहितं. झाले छत्तीस. काही हुशार पोरं ३ आधी लिहितात, पण डावीकडे जागा सोडून, आणि मग ६ त्या जागेत कोंबतात. वहीत अंक कुठला आधी लिहिलाय ते शाईवरून कळतं.

त्यात आपलं 'एकोणसाठ'. साठाला एक कमी! ऐकू येतो साठ, लिहायचे पन्नास. एकोणीस, एकोणतीस असं एकोणनव्वदपर्यंत येतं आणि नव्व्याण्णवला नियम मोडतो. का, असं एका मुलीनं विचारलं. मी म्हटलं, बाळा, पाठ कर.

लिस्पाळलेला

आमच्याकडे यावर चार दशकं भांडण आहे. मोठी संख्या मेमरीत ठेवताना लहान टोक आधी की मोठं टोक आधी? इंटेलचे प्रोसेसर लहान टोक आधी ठेवतात, इंटरनेटचे नियम मोठं टोक आधी मागतात. म्हणून तुम्ही हा धागा उघडलात तेव्हा तुमच्या यंत्रानं काही आकडे उलटे करून पाठवले. आपली मराठी तर मिसळच, 'एक हजार दोनशे' मोठ्याकडून लहानाकडे आणि मग 'त्रेसष्ट' उलटं. पीडीपी-११ नावाचं यंत्र होतं, तेही मोठ्या संख्या असल्याच मधल्यामधे उलटवून ठेवायचं.

निवृत्त_कोबोलकर

गणिताच्या बाई, 'शाईवरून कळतं' हे फार आवडलं. मोडीतही तेच करतो आम्ही, टाक कुठं बुडवला ते बघून शब्द तोडतो.

आकड्यांवरून आठवलं. माझ्या कागदावरचा सन असा आहे: 'सलास अशर मयातैन व अलफ'. हे अरबी आकडे, सुहूर सन मोजायचे. सलास तीन, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. तीन, दहा, दोनशे, हजार. १२१३, अख्खं लहान टोकाकडून. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, म्हणजे १८१२-१३. गंमत अशी की महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश करून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर रेवदंड्याचा कारकून साल लिहिताना अरबीच लिहितोय. कारण उघड आहे, आधीचे सगळे कागद त्याच सनात.

आणि वाय-टू-के म्हणजे दोन आकडी सालाचं पाप आम्ही केलं असं जग म्हणतं. ते आमचं एकट्याचं नाही. गावात 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात, पुण्यात 'एकसष्टचा पूर'. शतक कोण सांगतं? फक्त गावच्या म्हाताऱ्याला २००० साली व्याज काढायचं नव्हतं, आमच्या प्रोग्रॅमला होतं.

एक_मात्रा_कमी

मी मुद्रितशोधन करते, त्यामुळे माझं उदाहरण शुद्धलेखनाचं.

वडिलांची पत्रं आहेत माझ्याकडे. 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत', 'पांच', 'नांव'. सगळीकडे टिंबं. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे चौदा नियम आले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले. ज्या अनुस्वारांचा उच्चार होत नाही, जे केवळ व्युत्पत्तीमुळे आले आहेत, ते द्यायचे नाहीत. वडिलांनी नियम मानले, पण हातानं मानले नाहीत. शेवटपर्यंत 'नाहीं'.

माझा मुलगा पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतला. तो म्हणतो, आमच्याकडेही हेच झालं. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३ आली, मजकूर दाखवायच्या 'प्रिंट' आज्ञेपुढे कंस सक्तीचा. जुन्या आवृत्तीचा आधार २०१५ ला बंद करणार होते, लोक हलेनात म्हणून १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवला.

पण मला इथं काकांशी थोडं वेगळं म्हणायचं आहे. 'नाहीं' लिहिलेलं पत्र माझी नात अडखळत का होईना वाचते. टिंब दिसलं तर सोडून देते. यंत्राला सोडून देता येत नाही, कंस नसला की ते पहिल्याच ओळीवर बसकण मारतं. म्हणून आमचा बदल बिनबोभाट झाला आणि त्यांचा रडतखडत. जुना कागद अडतो की नाही हे कागदावर नाही, वाचणाऱ्याच्या सोसण्यावर ठरतं.

अवांतर: काका, ज्या पूर्णविरामानं तुमच्या तीन रात्री खाल्ल्या तो मराठीत मेजर कँडी या इंग्रज कोशकारांनी रुजवला. त्याआधी दंड (।) होता, आणि मोडीत तोही क्वचित.

निवृत्त_कोबोलकर

हे मान्य. वाचणाऱ्याचं सोसणं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मोडी म्हणूनच अडली. देवनागरी वाचणाऱ्याला मोडीतली चार अक्षरं लागतात आणि बाकी सगळं रानटी वेल. 'दिसलं तर सोडून दे' करायला जागाच नाही.

अष्टाध्यायी_अर्धीच

सोसण्याची हद्द नाथांनी दाखवली. ज्ञानेश्वरीच्या नकला होत होत पाठ बिघडले होते. शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला. आणि शेवटी ताकीद दिली, की यात जो आपली ओवी घुसवेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असं समजावं. आमच्या टीममध्ये रिलीजच्या आदल्या संध्याकाळी कोड घुसवणाऱ्याला आता आम्ही 'नरोटी' म्हणतो.

रिकामटेकडी

नरोटी :)) उद्यापासून आमच्याकडेही.

माझी पणजी सासरच्या थोरांची नावं तोंडातून काढत नसे. सासऱ्यांचं नाव तुळशीराम, म्हणून तुळशीला 'अंगणातली' म्हणायची. थोरल्या दिराचं नाव हरी, तर हरभऱ्याला 'घोड्याचं खाणं'. घरातल्या पोरांनी तेच उचललं. माझी आजी शाळेत 'घोड्याचं खाणं' म्हणाली आणि बाईंनी वर्गाबाहेर काढलं.

वेबसाइटच्या जावास्क्रिप्ट भाषेत हुबेहूब हेच झालं २०१८ मध्ये. यादीतल्या याद्या सपाट करणाऱ्या सोयीला 'फ्लॅटन' नाव द्यायचं ठरत होतं. लक्षात आलं की मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीनं (तयार कोडच्या संचानं) ते नाव आपल्या परीनं आधीच वापरलंय. नवं आलं तर तिच्यावर उभ्या असलेल्या जुन्या साइट्स मोडतील. मूटूल्स तेव्हा कुणी नव्यानं वापरत नव्हतं. तरी मान राखला, शेवटी नाव 'फ्लॅट' ठेवलं. मधे कुणीतरी गमतीनं 'स्मूश' सुचवलं, त्यावर इंटरनेटवर धुमाकूळ झाला. सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही.

फुटलेलं_बिल्ड

तुम्ही सगळे जुन्याचंच बोलताय, आता बोलतात त्याचं काय? आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या फ्लोअरवर काल ऐकलेली वाक्यं: "पुश मारलास का?" "बिल्ड फुटलं." "सर्व्हर झोपलाय." "प्रॉडला गेलं तर आपली वाट."

फुटलं, झोपला. लिंग कोण ठरवतं? फाइल ती, फोल्डर तो, ॲप ते. सर्व्हर तो, बिल्ड ते, ब्रँच ती. कुठल्या कोशात नाही, कुठल्या समितीनं दिलं नाही, आणि नागपूरच्या पोरापासून कुडाळच्या पोरीपर्यंत बहुतेकांचं एकमत. 'मी फाइल डिलीट केली', 'मी फोल्डर डिलीट केला'. क्रियापद इंग्रजी, पण वाकतं मराठी 'केली'-'केला'. डिलीटला आपण हातही लावत नाही, आहे तसं ठेवतो आणि सगळी कामं 'करणे'कडून करून घेतो. फारसी आली तेव्हाही असंच केलं असणार, 'जमा केली', 'कबूल केला'. मला तर वाटतं मराठी मरतेय म्हणून रडणाऱ्यांनी एक दिवस आमच्या सकाळच्या स्टँडअप मीटिंगला यावं. (खुर्च्या नाहीत.)

एक_मात्रा_कमी

'ईमेल' तो की ती? आमच्याकडे रोज वाद होतो.

फुटलेलं_बिल्ड

आला तर तो, आली तर ती, उत्तर द्यायचं नसेल तर ते.

शोधाशोध

मी एका मराठी साइटच्या शोधपेटीचं काम करतो. माझं रडगाणं थोडक्यात.

'ॲप' मधला ॲ युनिकोडमध्ये (संगणकासाठीच्या जगभरच्या अक्षरांच्या यादीत) २००८ मध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधी लोक अ काढून त्यावर चंद्र देत. दोन्ही दिसायला एकच. यंत्राला मात्र एक अक्षर आणि दोन अक्षरं, म्हणजे दोन वेगळे शब्द. जुन्या लेखातला शब्द नव्या कळफलकावरून शोधला तर सापडत नाही. तसंच 'दऱ्या'. समुद्र तो दर्या, डोंगरातल्या त्या दऱ्या. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना पैसे द्यायचे. हा अर्धा र टाइप करायच्या दोन पद्धती, आणि पुन्हा तेच, डोळ्याला एक, यंत्राला दोन. मी आता सगळं एका साच्यात घालूनच शोधतो.

मोडीला युनिकोडमध्ये २०१४ मध्ये जागा मिळाली. काका, तुमचा कागद टंकून ठेवा, कुणाला तरी सापडेल.

आणि पायथॉनला '१२१३' असा देवनागरी मजकूर देऊन पूर्णांक मागितला तर तो निमूट देतो. पण कोडमध्ये थेट १२१३ लिहा, लगेच चूक दाखवतो. ऐकून घेईल, बोलू देणार नाही.

दर्यावर्दी

उशिरा येतोय. काका, तुमचं वाचन बरोबर आहे!

पीप म्हणजे पिंप. पोर्तुगीज 'पिपा', दारू-तेल ठेवायचं लाकडी पिंप. चौल-रेवदंडा १७४० पर्यंत फिरंग्यांकडे होतं, तिथं हा शब्द नसेल तर कुठं असेल? मोडीत अनुस्वार गाळला असेल, किंवा त्या कारकुनाच्या तोंडात तो नव्हताही. तुमच्या यादीतली परातसुद्धा बहुधा त्यांचीच, 'प्रातो'. घमेलं, बिजागरी, चावी, पगार, लिलाव, ही सगळी त्याच बोटीतून उतरली. आमच्याकडे अजून पावसाचं पाणी धरायला दारात पीपच ठेवतात, पिंप म्हणत नाहीत.

निवृत्त_कोबोलकर

दर्यावर्दी, दंडवत घ्या.

मी ती ओळ वाचन चुकलं म्हणून सोडून दिली होती, म्हणून २२ भरत होते. आता २३. बेरीज जुळली.

आमच्या बॅच प्रोग्रॅममध्ये फाइलच्या शेवटी एक ओळ असायची, एकूण किती नोंदी आणि एकूण रक्कम किती. वाचून झाल्यावर आपली बेरीज तिच्याशी ताडायची, जुळली नाही तर काम तिथंच थांबवायचं आणि ऑपरेटरला उठवायचं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनानं तीच ओळ लिहून ठेवली होती आणि मी तिचं ऐकलं नाही.

चिमणी_होळकर

पण काका, पीप गेलं कुणाकडे?

निवृत्त_कोबोलकर

धाकट्याकडे. समोर थोरल्यानं वेगळ्या शाईत काहीतरी खरडलंय, चार-पाच अक्षरं. ते अजून लागत नाही. उद्या फोटो टाकतो.